तीस तारखेच्या आत आनंद

...नाही, करून देतो ना ओळख, नाही कुठे म्हणतोय मी? पण दोन मिनिटांत कशी करून द्यायची हो ताई? अठ्ठावीस वर्षं गणित शिकवतोय, पन्नाशी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, आणि तुम्ही मला या प्लॅस्टिकच्या खुर्चीत गोलात बसवून, हातात जाड स्केचपेन देऊन सांगता, की या गुलाबी पुठ्ठ्यावर नाव लिहा, विषय लिहा, छंद लिहा आणि गळ्यात अडकवा. अडकवतो. नाव लिहिलं. विषय लिहिला. छंदापाशी येऊन गाडी अडलीय. कारण तुम्हाला सांगतो, माझ्या छंदामुळेच मी आज इथे आहे! तुम्ही सगळे इथे आलात ते तुमचे चाळीस तास भरले नाहीत म्हणून. माझे भरले होते हो! बेचाळीस भरले होते! आणि माझी पाच महिन्यांची नात, जिला मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ती आज सकाळी दहा वाजता माझ्या घरी पोहोचली, आणि मी सकाळी नऊ वाजता घरातून निघालो. आठ दिवसांसाठी आलीय लेक. त्यातले पाच दिवस मी इथे टाळ्यांचे खेळ खेळणार, एक जाण्यायेण्यात, उरले दोन. हे गणित मला कुणी शिकवायला नको.

सुरुवात झाली ती आमच्या मोठ्या बाईंपासून. आमच्या मुख्याध्यापिका. तशा बऱ्या आहेत, पण कुठल्या तरी सभेला जाऊन आल्या की दोन दिवस त्यांच्या जवळपास फिरकू नये. त्या दिवशी आल्या त्या हसतच आल्या. म्हणाल्या, "यंदापासून सक्तीचं प्रशिक्षण बंद! प्रत्येकाने आपल्याला जे आवडतं ते शिकायचं. स्वतःच्या आवडीचं, स्वतःच्या गतीने..." आम्ही टाळ्या वाजवणार तेवढ्यात म्हणतात कशा, "...आणि तीस तारखेच्या आत." चाळीस तास. जो कुणी शिकवेल त्याची सही आणि शेरा. आणि ज्याचे भरणार नाहीत, त्याला सुट्टीत पाच दिवस निवासी शिबिर. शिबिर म्हणजे हेच. आता बसलोय ते.

वर एक नोंदवही दिली. रकाने बघा कसले! तारीख, वेळ, काय शिकलात, आणि शेवटचा रकाना, "आनंदाची पातळी, एक ते पाच". मी विचारलं, बाई, शून्य घातला तर चालेल का? तर म्हणाल्या, "सर, तुम्ही ना, जरा आनंद घ्यायला शिका!" अहो, शिकतो की. तीस तारखेच्या आत शिकतो.

आता आवडीचं काय लिहायचं? मी बराच विचार केला. प्रामाणिकपणे विचार केला. आणि लिहिलं, "झोप". फॉर्म संस्थेच्या कचेरीतून परत आला. तिथे एक कारकून आहेत, तिशी-बत्तिशीचे, शर्टाला एक चुणी नाही, टेबलावर एक कागद वाकडा नाही. त्यांनी बारीक अक्षरात लिहून पाठवलं होतं, "झोप हा विषय ग्राह्य धरता येत नाही." बरं, मग लिहिलं "वाचन". तोही परत! का तर म्हणे शाळेतल्या सतरा जणांनी वाचनच लिहिलंय, आता वाचन भरलं. वाचन भरलं! आमचे विज्ञानवाले हुशार. त्यांनी लिहिलं, "माशांचं निरीक्षण". घरात काचेची टाकी आहे, तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतात, मासे इकडून तिकडे, तिकडून इकडे, आनंदाची पातळी पाच. त्यांच्या मुलाने सही केली, मंजूर.

मी घरी येऊन हिच्यापुढे रडगाणं गायलो. ही माझ्याच पँटची दुमड घालत बसली होती. सहा महिन्यांपासून मागे लागलो होतो मी त्या पँटसाठी. मान वरसुद्धा न करता म्हणाली, "शिवण शिका. म्हणजे मी सुटले." आता ही असं काही म्हणाली की तो विनोद समजायचा की हुकूम, हे तीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही, म्हणून मी तो हुकूम समजतो. शिवाय वर म्हणाली, "नात यायचीय सुट्टीत. तिच्यासाठी आजोबांनी शिवलेलं झबलं घालू." झालं. लेक ते फोनवर ऐकत होती, ती तिकडून हसायला लागली. तिच्या हसण्यावर मी फॉर्म भरला. "शिवणकाम". मंजूर! पहिल्या फटक्यात! चांगलं काही लवकर मंजूर झालं ना, की समजावं कुठे तरी मेख आहे.

शिवणाचा क्लास आमच्या घरामागच्याच गल्लीत, इस्त्रीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद, वर खोली, खोलीत सहा मशिनी, भिंतीला कागदी बेतांच्या माळा टांगलेल्या, खिडकीत एक पंखा, जो फक्त आवाज करतो. आणि अकरा जणी. अकरा जणी आणि मी. शाळा सुटल्यावर साडेपाचला मी दारात उभा राहिलो तर सहाच्या सहा मशिनी थांबल्या. शिवणाच्या बाई पुढे आल्या, पस्तिशीच्या असतील, गळ्यात टेप. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "या सर, बसा." मी म्हटलं, सर कसं ओळखलंत? तर म्हणाल्या, "दिसतंच की." मला वाटलं, चेहऱ्यावरच्या खडूमुळे.

पहिला धडा, उशीचा अभ्रा. कोपऱ्यातल्या मशीनवर एक आजी बसायच्या, पंचाहत्तरीच्या, त्यांनी मला सुईत दोरा ओवून दिला, कारण मला चष्मा लावून भोक दिसेना आणि काढून सुई दिसेना. आणि मी शिवला हो अभ्रा! सरळ रेषेत, एकसारखे टाके, कोपरे नव्वद अंशाचे, नजर लागेल असा. मोठ्या दिमाखात बाईंकडे नेला. त्यांनी उलटा केला, सुलटा केला, म्हणाल्या, "सर, छान आहे. उशी कुठून घालायची?" चारही बाजूंनी शिवला होता मी! आयताला बाजू चार, मी चारही पूर्ण केल्या! अकरा जणी पदर तोंडाला लावून हसताहेत, आजी तर मशीनवर डोकं टेकून हसताहेत. आणि बाईंनी शांतपणे माझ्या हातात अर्धं ब्लेड ठेवलं. "उसवा."

हा शब्द पाठ करून ठेवा. पुढे सारखा येणार आहे.

कारण त्यानंतर आलं झबलं. झबलं म्हणजे तुम्हाला वाटेल, त्यात काय आहे? दोन तुकडे, दोन बाह्या, एक गळा. मी माप घेतलं, लेकीने फोनवर सांगितलं होतं ते, छाती इतकी, उंची इतकी, आणि कापडावर खडूने रेघ मारून मापाला माप कापलं. सुताइतका फरक नाही. शिवून झालं तेव्हा ते बाहुलीला बसेल एवढं झालं. बाई म्हणाल्या, "सर, शिवणीसाठी कापड सोडलं नाहीत तुम्ही. चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच जास्त ठेवायचं असतं. चुकलं तर सावरायला." मी म्हटलं, मापात जास्त कसं ठेवायचं? उत्तर पाच असेल तर साडेपाच लिहायचं का? त्यांनी नवीन कापड दिलं.

नवीन कापडाला बाही उलटी लागली. "उसवा." पुन्हा लावली, डावी उजवीकडे गेली. "उसवा." पुन्हा लावली, बाहीसोबत गळ्याचं टोकही शिवलं गेलं. "उसवा." अहो, मी घरी जेवताना भाकरीचा तुकडा मोडला तरी हिला म्हणायचो, उसवतोय. नोंदवहीत दोन आठवडे एकच ओळ, काय शिकलात? उसवणं. आनंदाची पातळी? एक. तोही मोठ्या बाईंच्या भीतीने. आणि त्या कोपऱ्यातल्या आजी! आठवड्यातून सहा दिवस येतात, चुकतात, उसवतात, गुणगुणतात. मी एकदा विचारलं, आजी, तुम्हाला कुणी पाठवलं? कुठला फॉर्म भरताय? त्यांना कळेनाच. "फॉर्म कसला बाई? मला आवडतं म्हणून येते." आवडतं म्हणून! बिनफॉर्मचं! कुणाची सही नाही, तारीख नाही! मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. असं शिकतात माणसं, हे मी विसरलोच होतो. स्वतःच्या आवडीचं, स्वतःच्या गतीने, आणि... त्यांच्याकडे पुढचं काही नव्हतंच.

आता ऐका. चौथ्यांदा "उसवा" म्हणाल्या ना बाई, तेव्हा माझा तोल गेला. दिवसभर सात तास उभं राहून आलो होतो, पाय सुजलेले, तीस तारीख बारा दिवसांवर, लेकीचं तिकीट काढून झालेलं. मी म्हटलं, "अहो बाई, राहू द्या की असंच! बाहेरून दिसतंय ना नीट? आतून कोण बघतंय? आणि सारखं उसवून कापडाचा चोथा झालाय. एकदाच नीट करायला नको का माणसाने? आमच्या वर्गात मी हे चालवूनच घेत नाही." मशिनी थांबल्या.

बाई म्हणाल्या, "माहीत आहे सर. वर्षाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लाल खडूने लिहायचात तुम्ही. खाडाखोड दिसली की शून्य."

खरं आहे ते. अठ्ठावीस वर्षं लिहितोय. माझा नियमच आहे, की पेपरात खाडाखोड असेल तर त्या प्रश्नाचे गुण नाहीत. मुलांनी आधी विचार करावा, मग लिहावं. स्वच्छ वह्या! माझ्या वर्गाच्या वह्या प्रदर्शनात ठेवतात अजून. मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? तर त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, जसं दोरा कुठे ठेवलाय ते सांगावं तसं: "मी नववीला होते तुमच्याकडे. वार्षिक परीक्षेत अपूर्णांकांचं गणित होतं, दोन गुणांचं. आधी चुकलं. माझं मला कळलं, म्हणून खोडलं आणि खाली बरोबर केलं. तुम्ही लाल गोल केलात. तेहतीस पडले. पस्तीसला पास होतं. घरी म्हणाले, पुरे झालं शिक्षण. आत्याकडे मशीन होतं, तिने बसवलं."

मला तो पेपर आठवत नव्हता. तिचा चेहरासुद्धा आठवत नव्हता! तेच जास्त लागलं. वर्षाला दीडशे पेपर, अठ्ठावीस वर्षं, त्यात एक लाल गोल. अगं म्हणू की अहो म्हणू, तेही कळेना. मी म्हटलं, उत्तर बरोबर होतं? "हो सर. सात अष्टमांश." आणि त्यांनी गळ्यातला टेप माझ्यासमोर धरला, बोटाने रेघ दाखवली. सात अष्टमांश इंच. नजरेने! फूटपट्टी न लावता! दिवसातून शंभर वेळा ती बाई अपूर्णांक मोजते, अर्ध्याचा अर्धा, पावाचा पाव, आणि मी तिला अपूर्णांकात नापास केलं. मला फार वाईट वाटलं हो. सरळ सांगतो, रडायला आलं. मी म्हटलं, माफ करा. त्या म्हणाल्या, "मी राग धरून नाही बसले सर. पण इथे उसवायचं. मी स्वतः रोज उसवते. ब्लेड घ्या."

घेतलं. आणि तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मी नीट उसवलं. आधी ओढून काढायचो, कापड फाटायचं. त्यांनी दाखवलं, तीन टाके सोडून एक कापायचा, मग दोरा आपला आपण निघून येतो. मग मला कळलं माझं काय चुकत होतं, बाही कुठून वळते ते. कसं कळलं? आधीच्या टाक्यांची भोकं दिसत होती कापडावर! चुकलेली जागाच वाट दाखवत होती. मी त्यात एवढा रमलो, की मान वर केली तर आजी निघून गेल्या होत्या आणि बाई खिडकी लावत होत्या. नोंदवहीत त्या दिवशी काही लिहायचंच राहिलं. तो रकाना कोरा आहे. खरा आनंद झाला त्या दिवशीचाच कोरा आहे!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, आजपासून खाडाखोड चालेल. पोरांना वाटलं, सापळा आहे. पहिल्या बाकावरची विचारते, "सर, किती ओळींपर्यंत?" म्हटलं, कितीही, फक्त खोडलेलं मला वाचता आलं पाहिजे. आणि मग काय वह्या आल्या सांगू! नांगरलेली जमीन बरी! एक एक पान तपासायला दुप्पट वेळ, मान मोडून गेली. पण ज्यांच्या वहीत मला कायम कोरी पानं दिसायची ना, शेवटच्या बाकावरची ती चार-पाच जणं, त्यांच्या वह्यांत काहीतरी लिहिलेलं होतं. चुकलेलं होतं, खोडलेलं होतं, पण होतं. कोरं सोडलं की निदान लाल गोल तरी येत नाही, हे त्यांना आधीच कळलं होतं. मला कळायला अठ्ठावीस वर्षं लागली, आणि तीही तीस तारखेच्या आत.

एकोणतीस तारखेला झबलं झालं. फिकट पिवळं, बाह्या आपापल्या जागी. बेचाळीस तास. मी फॉर्म बाईंपुढे ठेवला, सही आणि शेऱ्यासाठी. म्हणजे बघा, कुणाचा शेरा कोण लिहितंय! त्यांनी पेन घेतलं, लिहिलं, "बरे". मी म्हटलं, ठीक आहे, तेवढीच लायकी. मग त्यांनी झबलं उचललं, उलटं केलं, आतली शिवण बोटाने चाचपली. आणि "बरे" वर एक सरळ रेघ मारली, सावकाश, माझ्याकडे बघत, आणि खाली लिहिलं, "चांगले. उसवायला शिकले." आणि सही. आणि हसल्या हो! क्लासला लागल्यापासून पहिल्यांदा! मला आयुष्यात पदव्या मिळाल्या, पुरस्कारही मिळाला एक लाकडी, पण असा शेरा मिळाला नाही.

तीस तारखेला सकाळी मी फॉर्म घेऊन कचेरीत. ते बिनचुणीच्या शर्टाचे कारकून. त्यांनी फॉर्म पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "सर, यात खाडाखोड आहे." मी म्हटलं, आहे. "चालत नाही सर. नवीन फॉर्म, नवीन सही, नवीन शेरा. पाच वाजेपर्यंत." मी म्हटलं, अहो, तो शेरा तसाच आहे, त्यांनी विचार बदलला आणि चांगला केला, उत्तर बरोबर आहे ना खाली? तर ते उठून उभे राहिले. आदराने! म्हणाले, "सर, मी तुमचाच विद्यार्थी. नववीला पहिला आलो होतो. माझ्या वह्या अजून जपून ठेवल्यात, एका पानावर खाडाखोड नाही. आज इथे जे काही नीट करतो, ते तुमच्यामुळे." आणि वाकून नमस्कार केला मला. आता नमस्कार करणाऱ्या माणसाशी भांडता येतं का?

घेतला कोरा फॉर्म. गल्लीत आलो, जिना चढलो, चार पायऱ्या उरल्या. आत मशीन चालू होतं, बाई कुणाला तरी सांगत होत्या, "असू दे, उसव." आणि माझे पाय थांबले. काय सांगणार होतो मी तिला? की बाई, तुमचं उत्तर बरोबर आहे, पण वर खोडलेलं आहे, चालत नाही, पुन्हा स्वच्छ लिहून द्या? दुसऱ्यांदा? मीच? नाही जमलं. तसाच उतरलो. झबलं हिच्या हातात दिलं, लेकीला फोन केला. लेक म्हणाली, "बाबा, खाडाखोडीपायी? तुम्ही?" मग म्हणाली, "येते मी. दोन दिवस तर दोन दिवस."

मघाशी फोटो आला तिचा. झबलं घातलंय नातीने. गळा जरा सैल झालाय, उसवायला लागेल. दोन दिवसांत होईल.

झाली का दोन मिनिटं? घंटी वाजवू नका ताई, संपलंच. एवढं छंदाचं तेवढं करतो. बोलता बोलता इथे "शिवणकाम" लिहून टाकलं मी, ते काही खरं नाही. हे खोडलं. आणि इथे खाली... "उसवणं". हां. आता बरोबर आहे. अडकवतो गळ्यात.

काय म्हणता ताई? बरं दिसत नाही? फोटो काढायचेत? खाडाखोड नको, नवीन पुठ्ठा देते, त्यावर स्वच्छ लिहा?

...द्या. एवढं फक्त सांगा ताई, नववीला गणिताला कोण होतं तुम्हाला?

वाटलंच मला.